यात्रा, मोहीम, प्रवास : मराठी वाटसरूंचे हिशेब

१७६० सालच्या वसंतात पटदूरच्या छावणीतून सदाशिवरावभाऊंच्या सेनापतित्वाखाली उत्तरेकडे कूच केलेल्या मराठी फौजेच्या मागोमाग, तोफांचे गाडे, दाणावैरणीचे बैल, सराफ, बाजारबुणगे आणि सरदारांचे कुटुंबकबिले यांच्या अफाट गर्दीत, हजारो यात्रेकरूही चालले होते. फौजेच्या आश्रयाने गेल्यास वाटेत चोरांचे भय नाही, ठिकठिकाणच्या चौक्यांवर जकातीचा जाच नाही, आणि मथुरा-वृंदावन, प्रयाग, काशी ही क्षेत्रे एकाच फेरीत पदरी पडतील, हा त्यांचा साधा आणि त्या काळाच्या रीतीप्रमाणे अगदी व्यवहार्य असा विचार होता. वडिलांच्या पश्चात पेशव्यांच्या फडणिशीचे काम अंगावर आलेला, वयाची अठरा वर्षे नुकतीच पुरी केलेला बाळाजी जनार्दन हा तरुण आई आणि पत्नी यांना घेऊन या लोकांत सामील झाला होता. सरकारकामाइतकीच तीर्थयात्राही त्याच्या मनात होती. पुढे नाना फडणवीस या नावाने अवघ्या हिंदुस्थानाला माहीत झालेल्या या पुरुषाने आपल्या त्रोटक, अपुऱ्या राहिलेल्या आत्मचरित्रात त्या फेरीची जी हकीकत लिहून ठेवली आहे, तिच्यात तीर्थस्नानाचा आनंद आणि पानिपतचा प्रलय ही दोन्ही एकाच लेखणीने, जवळजवळ एकाच सुरात आली आहेत. १४ जानेवारी १७६१ रोजी त्या रणभूमीवरून जीव घेऊन निघताना आई गर्दीत कायमची अंतरली, आणि पत्नी मात्र पुढे सुखरूप भेटली.

आता अशा लेखनाला कोणत्या सदरात घालावयाचे? ती मोहीम म्हणावी, तर लिहिणारा यात्रेस निघालेला होता. आणि यात्रा म्हणावी, तर तिचा शेवट रणात झाला. आपल्या महाविद्यालयांतून प्रवासवर्णन हा एक वाङ्मयप्रकार म्हणून शिकविला जातो, त्याची सुरुवात बहुधा एकोणिसाव्या शतकात दाखविली जाते, आणि त्यापूर्वीचे जे काही चालणे मराठीत नोंदले गेले आहे त्याची वाटणी संतवाङ्मय, बखर, पत्रव्यवहार, आत्मचरित्र अशा निरनिराळ्या दप्तरांत करून टाकण्यात येते. नंतरच्या प्रवासांचीही वर्गवारी होते ती बहुधा स्थळांवरून : देशातला प्रवास, परदेशातला प्रवास, तीर्थांचा, गिरिदुर्गांचा. अभ्यासाच्या सोयीसाठी ही विभागणी असावयास माझी हरकत नाही; परंतु तीमुळे प्रवासाचे मर्म हाती लागत नाही, असे माझे अनेक वर्षांच्या वाचनानंतरचे मत झाले आहे. प्रवासाची जात वाटसरू कोठे गेला यावरून ठरत नाही. परत आल्यावर त्याला आपल्या फेरीचा हिशेब कोणाजवळ द्यावयाचा होता, किंवा परत यावयाचेच नव्हते, यावरून ती ठरते. मराठी वाङ्मयातील काही जुन्या वाटा या एका दृष्टीने पुन्हा चालून पाहण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

ज्याला कोणाजवळही हिशेब द्यावयाचा नव्हता अशा पुरुषापासूनच मराठी गद्याचा आरंभ व्हावा, हा योग विलक्षण आहे. श्रीचक्रधरस्वामी हे मूळचे गुजरातेतील भडोचचे राजपुत्र. रामटेकच्या यात्रेचे निमित्त सांगून त्यांनी घर सोडले, वाटेत परिवारालाही सोडले, ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंची भेट झाली, आणि त्यानंतरचे त्यांचे सारे आयुष्य महाराष्ट्राच्या रानावनांतून, गावकुसांबाहेरच्या ओसाड देवळांतून आणि नदीकाठच्या मठमढ्यांतून फिरण्यात गेले. यात्रेचे निमित्त घरच्यांसाठी होते. खुद्द यात्रेकरूला घरी परतावयाचे नव्हते. पुढे आपल्या अनुयायांनाही त्यांनी एका जागी न रमता नित्य अटन करण्याचाच धर्म सांगितला. असा पुरुष आपल्या भ्रमणाची नोंद स्वतः कशासाठी करील? ती केली मागे राहिलेल्यांनी. स्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर म्हाइंभटाने नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली, शके १२०० च्या सुमारास, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, ज्यांच्या घरी त्यांनी भिक्षा घेतली होती, ज्यांच्याशी चार शब्द बोलले होते, अशांना गावोगाव जाऊन गाठले आणि त्यांच्या तोंडून एकेक लीळा मिळविली. म्हणजे एका भटकंतीच्या शोधात दुसरी भटकंती निघाली, आणि ‘लीळाचरित्र’ या ग्रंथाचा जन्म झाला. दोघा साक्षीदारांच्या आठवणींत फरक पडला तर दोन्ही पाठ नोंदवून ठेवण्याची जी दक्षता त्या परंपरेने घेतली, परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाल्यावर ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी करण्याची जी चिकाटी दाखविली, तिला आजच्या इतिहाससंशोधकानेही आदराने हात जोडावेत.

चक्रधरांच्या याच महानुभाव परंपरेत पुढे चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी सिद्ध केलेली ‘स्थानपोथी’ ही तर माझ्या मते मराठीतील अत्यंत नवलाची प्रवासपुस्तिका होय. तिच्यात निसर्गवर्णन नाही, उपदेश नाही, कथाही नाही. गावाचे नाव, गावाच्या कोणत्या अंगास देऊळ, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला, पटांगणात आणखी कोणती देवळे आणि त्यांची तोंडे कोणीकडे, त्यांपैकी कोणत्या चौकात स्वामींचे आसन होते, आरोगणा म्हणजे भोजन कोठे झाले, पहुड म्हणजे निद्रा कोठे, वसती एका रात्रीची की अवस्थान अनेक दिवसांचे, एवढेच त्या पोथीत गावामागून गाव सांगत नेले आहे. कोरडी यादी म्हणून एखादा वाचक ती बाजूला ठेवील. परंतु ज्याने आपल्या प्रियजनाच्या मागे त्याच्या बसण्याउठण्याच्या जागा मनात पुन्हा पुन्हा फिरून पाहिल्या असतील, त्याला त्या कोरड्या ओळींतला जिव्हाळा समजावून सांगावा लागणार नाही. यादवकालीन महाराष्ट्रातील गावांची रचना कशी होती, कोणती देवळे आज नष्ट झाली, नद्यांचे उतार कोठे होते, हे शोधू पाहणाऱ्यास ही पोथी आजही दफ्तरासारखी उपयोगी पडते. आणि तीत नोंदलेल्या जागांवर बांधलेल्या ओट्यांना नमस्कार करीत जाणारे महानुभाव यात्रेकरू आजही त्या वाटा तुडवीत आहेत.

याच्या अगदी उलट टोकाला नामदेवरायांची ‘तीर्थावळी’ आहे. ज्ञानेश्वरांबरोबर केलेल्या उत्तरेच्या यात्रेचे हे अभंगमय कथन प्रवासाचे म्हणून ओळखले जाते खरे, परंतु त्यातील नायकाला मुळी निघावयाचेच नाही. पंढरी सोडण्याच्या कल्पनेने नामदेव व्याकुळ होतात. खुद्द विठ्ठल त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हाती देतो आणि मग भक्ताच्या विरहाने आपणच कष्टी होतो. वाटेत मारवाडच्या निर्जल प्रदेशात दोघांनाही तहान लागते. खोल विहिरीत पाणी दिसते, पण वर काढण्याचे साधन नाही. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म देह धारण करून आत उतरतात आणि पाणी पिऊन येतात. नामदेवांना योग येत नाही, ते केवळ पंढरीच्या दिशेने हाक मारतात आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागते. तीर्थे पाहण्यासाठी निघालेल्या या माणसाचे सारे लक्ष मागे राहिलेल्या एका विटेवर खिळलेले आहे, आणि म्हणूनच परतल्यानंतर होणारे मावंदे हा त्या कथेचा कळस आहे. काशीहून आलेल्या गृहस्थाने गंगापूजन करून आप्तइष्टांना आणि ब्राह्मणांना घालावयाचे हे जेवण. येथे मात्र ते स्वतः विठ्ठल-रखुमाई घालतात. ज्याच्याजवळ हिशेब द्यावयाचा तोच पंगत वाढावयास उभा राहतो, अशी ही यात्रा आहे. पुढे याच नामदेवांचे नाव पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचले आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात समाविष्ट झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे पंढरीकडे लागलेली ती ओढ दूर देशी घर करण्याच्या आड मुळीच आली नाही, हे दिसून येते.

वारीविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा घातली, शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेल्या हैबतरावबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारे अश्व, दिंड्यांचा क्रम, तळांची व्यवस्था, चोपदारांचा अधिकार अशी लष्करी छावणीची शिस्त त्या सोहळ्याला मिळाली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मला येथे जाणवते ते निराळेच. जाताना टाळमृदंगांच्या गजरात, रिंगणांच्या उत्साहात चालणारे हे लाखो लोक परत कसे येतात याचे चित्र आपल्या वाङ्मयात फारच थोडे आहे. वारकरी दर वर्षी जातो. पुन्हा जावयाचे आहे म्हणूनच तो परत येतो, आणि म्हणून परतण्याची हकीकत सांगण्याची त्याला गरज भासत नाही. ती सांगावीशी वाटली बाहेरून आलेल्यांना. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात दिंडीबरोबरच्या आपल्या चालण्याची हकीकत लिहिली. एका नामात दंग होऊन चालणारी माणसे जेवावयास मात्र जातीजातींनी निरनिराळी बसतात, हे दिसल्यावर त्यांच्या मनाला जी टोचणी लागली ती त्यांनी झाकून ठेवली नाही. दि. बा. मोकाशी यांचे १९६४ सालचे ‘पालखी’ हे पुस्तकही असेच प्रेमाने आणि संशयाने एकाच वेळी पाहणाऱ्या डोळ्यांचे आहे. या दोघांना हिशेब द्यावयाचा होता तो विठ्ठलापाशी नव्हे, आपल्या बुद्धीपाशी.

पेशवाईत यात्रेला राज्यकारभाराचे रूप आले. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५-३६ साली उत्तरेच्या यात्रेस गेल्या, तेव्हा रजपूत संस्थानिकांनी केलेला त्यांचा आदरसत्कार, जयपूरच्या सवाई जयसिंहाने ठेवलेली बरदास्त, रक्षणार्थ दिलेले स्वार, यांचे वर्तमान त्या काळच्या पत्रांतून पुण्यास येत होते, आणि ती पत्रे वाचताना एका वृद्ध स्त्रीचे गंगास्नान हा मराठ्यांच्या उत्तरेतील वजनाचा जणू मुजरा झाला होता असे दिसते. सामान्य माणसाला असा थाट कोठून? त्याने दस्तक मिळवावे, गावच्या सावकाराकडून हुंडी करून घ्यावी, सोबत पाहावी, मृत्युपत्रासारखी घरची निरवानिरव करावी, आणि निघावे. क्षेत्री पोहोचल्यावर तीर्थोपाध्यायाच्या वहीत गावाचे नाव, कुळाचे नाव, बरोबर आलेल्यांची नावे आपल्या हाताने किंवा उपाध्यायाकडून लिहून ठेवावी, म्हणजे नातवाला पुढे आजोबा येथे आले होते याची खूण पटेल. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील या वह्या म्हणजे मराठी माणसाच्या चालण्याची प्रचंड बखर आहे. तिला वाङ्मय म्हणावयास आपण अद्याप धजलो नाही एवढेच.

अशाच एका सामान्य माणसाने, पेण तालुक्यातील वरसई गावच्या विष्णुभट गोडसे या भिक्षुकाने, मराठीतील माझ्या मते सर्वांत थोर प्रवासग्रंथ लिहिला. घरी दारिद्र्य होते, कर्ज झाले होते, वृद्ध आईबाप होते. आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत सर्वतोमुख यज्ञ करणार असून तेथे लाखांनी दक्षिणा वाटली जाईल, अशी बातमी १८५७ सालच्या आरंभी कोकणापर्यंत येऊन पोहोचली. काका रामभट यांच्या सोबतीने विष्णुभट निघाला. द्रव्य मिळवावे, कर्ज फेडावे, जमल्यास काशी करावी आणि आईवडिलांना गंगोदक आणून घालावे, असे त्याचे संकल्प होते. त्यांत उपजीविका होती आणि धर्मही होता, इतिहास मात्र कोठेच नव्हता. महूच्या आसपास मुक्कामाला असताना पलटणीतल्या शिपायांच्या तोंडून त्याने प्रथम काडतुसांची आणि येऊ घातलेल्या बंडाची गोष्ट ऐकली, आणि तेथून पुढे यज्ञ बाजूला राहिला. इतिहासच त्याच्यावर चालून आला.

झांशीत राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहून त्याने जे पाहिले, ते त्याच्या पुस्तकाचे हृदय आहे. राणीची पहाटेची तालीम, मल्लखांब, घोड्यावरची रपेट, स्नान, पूजा, दरबार. वेढ्यापूर्वी शहरात झालेल्या हळदीकुंकवाचा थाट. मग इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या तोफांचा भडिमार, पाण्याचे हाल, तटबंदीवर रात्री होणारी दुरुस्ती, आणि १८५८ च्या एप्रिलच्या आरंभी गोरे शिपाई शहरात शिरल्यावर झालेली कत्तल. लुटीचे त्याने केलेले वर्णन इतके सरळ आहे की वाचणाऱ्याचा श्वास कोंडतो : आधी सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, आणि घर पूर्ण रिते होईपर्यंत कोणी ना कोणी येतच राहिले. मला स्वतःला त्यातले एक प्रकरण विसरता येत नाही. झांशीच्या संस्थानिकांनी पिढ्यान्‌पिढ्या जमविलेले, शास्त्रांचे दुर्मिळ ग्रंथ जेथे होते, जेथील पोथ्यांच्या नकला करून घेण्यास काशीचे पंडितसुद्धा माणसे पाठवीत, असे ते पुस्तकालय विध्वंसात सापडले. निगुतीने बांधून ठेवलेल्या पोथ्या बाहेर फेकल्या गेल्या. माणसे मरत असताना पोथ्यांसाठी हळहळणारा हा भिक्षुक निर्दय नाही. मेलेल्या माणसांसाठीही तो रडला आहे. परंतु वेदविद्येवर जगणाऱ्या या गृहस्थाला ते आपल्याच घराचे जळणे वाटले, आणि ते त्याने आपल्या पोटातून लिहिले.

काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. झांशी हातची गेल्यानंतर पठाणी पोशाखातली, धुळीने माखलेली, तहानेने कासावीस झालेली राणी थोड्या स्वारांनिशी त्या विहिरीपाशी येते. गोडसे भटजी पाणी शेंदून देण्यास पुढे होतात. ती त्यांना, आपण विद्वान ब्राह्मण, आपण हे करू नये, असे सांगून थांबविते, मातीचे मडके स्वतःच्या हाताने विहिरीत सोडते, आणि ओंजळीने पाणी पिते. अर्ध्या शेर तांदळावर ज्या विधवेचे सहज निभावले असते, तिने धर्माच्या अभिमानाने हा उद्योग अंगावर घेतला आणि त्याचे फळ हे असे आले, अशा अर्थाचे तिचे उद्गार भटजींनी नोंदविले आहेत. राजकारण, डावपेच, पराभवाची मीमांसा यांपैकी काही त्या उताऱ्यात नाही. आहे ते एक मडके, एक दोर आणि दोन दमलेली माणसे. इतिहासकाराने हवे तर इतर साधनांशी ताडून तपशील पारखून घ्यावेत, परंतु राणीच्या शौर्याची गाणी गाणाऱ्या सबंध वाङ्मयात तिचे माणूसपण इतक्या जवळून दाखविणारे दुसरे पान मला माहीत नाही.

पुढे हा माणूस पुन्हा पुन्हा लुटला गेला, उपाशी राहिला, चित्रकूट, अयोध्या, काशी अशी क्षेत्रे फिरला, आणि शेवटी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन पायीपायी कोकणाकडे वळला. ज्या द्रव्यासाठी घर सोडले ते हाती राहिले नाही. घरी पोहोचल्यावर त्याने त्या गंगोदकाने आईवडिलांना स्नान घातले. पुत्र म्हणून द्यावयाचा हिशेब असा चुकता झाला. आणि कदाचित आपल्या डोळ्यांसमोर काय घडले याची जाणीव असूनही तो तेवढ्यावर समाधान मानून राहिला असता, जर इतिहासकार चिंतामणराव वैद्यांनी त्याला ही हकीकत लिहून काढावयास सांगितले नसते. १८८३ च्या सुमारास, म्हणजे घटनांनंतर पंचवीस वर्षांनी, त्याने ती मोडीत लिहिली. इंग्रजी अंमलात असे लिखाण उजेडात आणणे सुरक्षित नव्हते. लेखकाच्या मृत्यूनंतर १९०७ साली वैद्यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने ते छापले, पण छापताना भाषा आणि मजकूर दोहोंतही फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून शुद्ध पाठ दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केला तो १९६६ साली. मधली जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक एका थोर पुस्तकाची डागडुजी केलेली प्रत वाचीत होता. वैद्यांचे उपकार मोठे आहेत, त्यांच्यावाचून हे पुस्तक निर्माणच झाले नसते. तरीही भटजींचे अडखळते, कोकणी वळणाचे, कधी भाबडे तर कधी अंगावर काटा आणणारे मूळ वाक्य ज्याने वाचले, त्याला संस्कारित प्रतीकडे परत जाववत नाही.

गोडसे भटजींच्या हाती ही लेखणी होती त्याच साली, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई आपल्या लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, आणि त्या सागरप्रवासाचे पत्र ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून प्रसिद्ध झाले. समुद्रगमन हे कलियुगात निषिद्ध मानणाऱ्या समाजातील एका विधवेने हे करावे, याचा त्या वेळी केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करता येते. परंतु रमाबाईंच्या दृष्टीने पाहिले तर जहाजावरचा तो प्रवास त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रवास मुळीच नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जात असत. रमाबाईंचे सारे बालपण आणि सारे शिक्षण त्या वाटेवरच झाले. दक्षिणेतील भीषण दुष्काळाच्या दिवसांत अन्नान्न दशा होऊन कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात झाडपाल्यावर दिवस काढू लागले. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. आणि उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. ज्या देवांच्या दारी ती भुकेली भावंडे उभी राहिली, त्यांच्याजवळ हिशेब द्यावा असे रमाबाईंना पुढे वाटेनासे झाले, आणि तो त्यांच्या आयुष्याचा निर्णायक फेरा ठरला.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत हिंडल्या. त्या फिरण्याचे फळ म्हणजे १८८९ सालचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. पुस्तकाच्या नावातच लोकस्थितीचा मान पहिला आहे. तेथील राज्यपद्धती, घरसंसार, शाळा, धर्मादाय संस्था, स्त्रियांच्या सभा आणि त्यांचे उद्योग यांची त्या बारकाईने माहिती देतात. स्तुती करावयाची तेथे मनमोकळी स्तुती करतात, आणि त्या देशाने तेथील मूळ रहिवाशांवर केलेला अन्याय, काळ्यागोऱ्यांतील भेद, यांविषयी बोलावयाचे तेथेही कचरत नाहीत. हे सारे त्या कोणाला सांगत होत्या? इकडच्या, उंबरठ्याआड राहिलेल्या आपल्या बहिणींना आणि त्यांच्या बापभावांना. त्याच वर्षीच्या ११ मार्चला मुंबईत शारदासदन उघडले. पुस्तक आणि सदन हे एकाच प्रवासाचे दोन जमाखर्च आहेत, आणि ते एकत्र वाचल्यावाचून दोहोंपैकी कोणताही नीट लागणार नाही.

विसाव्या शतकात मराठी माणूस आगबोटीने, रेल्वेने, विमानाने पुष्कळ फिरला आणि त्याने पुष्कळ लिहिले. १९४० साली अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ आले, १९६० साली पु. ल. देशपांड्यांचे ‘अपूर्वाई’ आले, आणि प्रवासवर्णन हे साप्ताहिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या वाचकाशी मित्रत्वाने केलेले बोलणे झाले. त्यात गोडी आहे, मोकळेपणा आहे. मात्र परतण्याचे तिकीट आधीच खिशात असलेल्या माणसाच्या लिखाणात जो सुखरूपपणा येतो तोही त्यात आहे, आणि ‘माझा प्रवास’ नुकताच मिटून ठेवलेल्या वाचकाला तो थोडा जाणवल्यावाचून राहत नाही. गोपाळ नीलकंठ दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या प्रवाहापासून वेगळी पडते, ती तिच्यातल्या नर्मदापरिक्रमेमुळे. नदी उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता, ज्या तीरावरून निघाले तेथेच येऊन पोहोचावयाचे, शूलपाणीच्या झाडीत अंगावरचे वस्त्रसुद्धा लुटले जाणार हे जाणूनच आत शिरावयाचे, ही ती परिक्रमा. तिच्यात पोहोचण्याचे ठिकाण आणि निघण्याचे ठिकाण एकच असते. त्या झाडीचा आणि जुन्या शूलपाणेश्वराच्या देवळाचा प्रदेश आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला आहे, आणि ती वाट जशी होती तशी पुस्तकातच उरली आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना माझी विनंती आहे की त्यांनी गोडसे भटजींचा मूळ पाठ प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात पहिल्या स्थानी ठेवावा, आणि त्याच्या शेजारी ‘स्थानपोथी’ व रमाबाईंचे अमेरिकेचे पुस्तक ठेवून विद्यार्थ्यांना यातला प्रत्येक वाटसरू कोणासाठी लिहीत होता हा एकच प्रश्न विचारावा. दुसरी विनंती सर्वच वाचकांना आहे. अनेक जुन्या घरांतून पणजोबांच्या काशीयात्रेची खर्चाची वही, वाटेतून धाडलेली पत्रे, मुक्कामांच्या याद्या, हे कागद मोडीत असल्याकारणाने कोणाला वाचता येत नाहीत म्हणून माळ्यावर पडून आहेत, आणि घर बदलताना ते रद्दीत जातात. मोडी वाचणारे लोक आजही आहेत, ती शिकविणारे वर्गही चालतात, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून हेच काम करीत आलेल्या संस्थांचे दार उघडे आहे. आपल्या घरी असा एखादा बस्ता असेल तर कृपा करून तो उघडून पाहा, कोणाकडून तरी वाचवून घ्या, आणि त्यानंतरच त्याचे काय करावयाचे ते ठरवा.